अर्ध्या तासात उकड

चौऱ्याण्णव साली तंजावुरात साबणाच्या वडीपासून टीव्हीपर्यंत प्रत्येक खोक्यात एकेक कूपन निघायला लागलं, आणि मुरलीकृष्णला ती भरायचा नाद लागला. तो कॉलेजात लायब्ररियन होता. सुवाच्य अक्षर आणि मोकळी दुपार, दोन्ही त्याच्याजवळ होतं. बायकोच्या, महालक्ष्मीच्या नावावर त्यानं चाळीसेक कूपनं भरली आणि बक्षीस लागलं एकच, कंगवा. तोही त्याला टक्कल पडायला लागल्यावर. तेव्हापासून बायकोचं नाव अपशकुनी ठरवून तो स्वतःचंच नाव घालू लागला.

कुकरच्या एका नव्या कंपनीची स्पर्धा त्यानं अशीच भरून टाकली होती. बारीक अक्षरातले नियम काही वाचले नव्हते.

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला दार वाजलं. बाहेर दोन माणसं उभी होती. एक जाड चष्म्याच्या मॅडम, गृहविज्ञान शिकवणाऱ्या, म्हणजे परीक्षक. दुसरे कंपनीचे साहेब, हातात स्टॉपवॉच आणि वही. मॅडमनी तमिळमधून सांगितलं, "अभिनंदन! तुमचं घर निवडलंय. घरात आत्ता जे आहे त्यातूनच पाच जणांचं रात्रीचं जेवण करायचं. बाहेरून काही आणायचं नाही. वेळ तीस मिनिटं."

महालक्ष्मी टाऊन बसमधून नुकतीच घरी आली होती. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. खांद्यावरची वह्यांची पिशवी तिनं खाली ठेवली, पदर खोचला आणि स्वयंपाकघराकडे निघाली.

"तुम्ही नाही," मॅडम म्हणाल्या. "कूपनवर ज्यांचं नाव आहे त्यांनी करायचं. इतरांनी हात लावायचा नाही, मदत करायची नाही."

महालक्ष्मीनं खोचलेला पदर सोडला. मग मुरलीकृष्णची आई वेंकूबाई, जी झोपाळ्यावर बसून लसूण सोलत होती, ती फिसकन हसली.

मुरलीकृष्णनं वयाच्या चाळीस वर्षांत स्टोव्ह पेटवला होता तो दोनदा, आणि दोन्ही वेळा तो विझवायला दुसरं कुणीतरी आलं होतं. आता निदान गॅस होता. साहेबांनी स्टॉपवॉचचं बटण दाबलं. मुरलीकृष्ण फळीसमोर उभा राहिला आणि एखाद्या अनोळखी गावातल्या पाट्या वाचाव्यात तसा डब्यांकडे बघू लागला. भाजीच्या टोपलीत एक कांदा होता. त्यानं तो उचलला, वास घेतला आणि परत ठेवला.

वेंकूबाईला राहवेना. तिनं छतापाशी लावलेल्या नवऱ्याच्या फोटोकडे तोंड केलं आणि तंजावुरात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या घरच्या मराठीत, पाहुण्यांना कळणार नाही अशा बेतानं, गळा काढला, "अहो, तुम्हाला तरी कळायचं हो! खालच्या फळीवर उजव्या हाताला तांदळाचं पीठ! जन्मभर तेथेंच!"

मुरलीकृष्णचा हात उजवीकडे वळला.

"तो उडदाचा हो!" वेंकूबाई फोटोवर ओरडली. "त्याच्या पल्याडचा!"

"काय झालं त्यांना?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या सासऱ्यांची आठवण येते त्यांना," महालक्ष्मी म्हणाली. तिनं घाईघाईनं एक वही उघडली, लाल पेन हातात घेतलं आणि वहीला झापू लागली, तेही मराठीत. "एकास तीन! किती वेळा सांगायचं? पीठ एक भांडं तर ताक तीन भांडी! आणि आंबट ताक कोठें आहे तेही बघत नाही ही मुलगी, जाळीच्या कपाटात डोळ्यांसमोर आहे!"

मुरलीकृष्णनं ताक काढलं. पीठ कालवताना अर्धं बनियनवर सांडलं, पण कालवलं. आता त्याला हुरूप आला. त्यानं कढई ठेवली, तेल ओतलं, आणि तेलाकडे बघत उभा राहिला.

पुढचं वहीतून सांगण्यासारखं नव्हतं. मोहरी, उडदाची डाळ, ताकात भिजवून वाळवलेल्या मिरच्या, हिंग, कढीलिंब, सगळं भराभर यायला हवं होतं. वेंकूबाई झोपाळ्यावरून उतरली, देवाच्या कोनाड्यासमोर उभी राहिली, हात जोडले आणि आरतीच्या चालीवर खड्या आवाजात सुरू झाली,

"मोहरी तडतडू दे, देवा, मोहरी तडतडू दे! डाळ लाल होऊं दे, देवा, मिरची पडूं दे! हिंग विसरूं नको, देवा, हिंग विसरूं नको!"

महालक्ष्मीनं तोंडात पदर कोंबला. मॅडम भाविक होत्या. त्यांनी पदर नीट केला, कोनाड्याकडे वळल्या, डोळे मिटले आणि हात जोडून उभ्या राहिल्या. हिंगाच्या ओळीला त्यांनी मानही हलवली.

मुरलीकृष्णनं हिंग घातला. कालवलेलं ताक कढईत ओतलं तसा चर्रर्र आवाज झाला, सगळ्या घरात आंबट-तिखट वास भरला, आणि तो ढवळता ढवळता हसत सुटला. कुणाला दिसू नये म्हणून त्यानं भिंतीकडे तोंड केलं, तर पाठच गदगदा हलायला लागली.

"मीठ, देवा, मीठ!"

मीठ पडलं. झाकण पडलं. अठरा मिनिटं झाली होती. मधल्या वेळात त्यानं भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात घोटून डांगरही करून टाकलं, कारण कोनाड्यासमोर तशीच मागणी झाली होती. मग मॅडमना म्हातारीची कणव आली. त्यांनी वेंकूबाईला धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. "दमलात, अम्मा. आता पुरे."

आरती थांबली. नेमका तेव्हाच मुरलीकृष्णचा हात झाकणाकडे गेला. महालक्ष्मी वह्यांवर वाकली, पण हसू इतकं दाटलं होतं की तोंडातून शब्द निघेना.

"झाकण काढूं नका," कंपनीचे साहेब स्टॉपवॉचवरची नजर न काढता पुटपुटले. "अणीक दोन मिनिटं वाफ येऊं द्या."

मराठीत. थेट त्यांच्या घरात बोलतात तशा मराठीत.

मुरलीकृष्णच्या हातातली पळी खाली पडली. "तुम्ही... आमच्यातले?"

"सांबशिव. तिरुवैयारूचा," साहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. सुरुवातीपासून त्यांना सगळं कळत होतं, फोटोवरची आरडाओरड, वही, हिंग, सगळं. ते वहीत काही लिहीत नव्हते, वही तोंडापुढे धरून हसत होते.

"तुम्हीपण प्रार्थना म्हणालात का?" मॅडमनी आदरानं विचारलं.

"हो, मॅडम. आमच्या घरी हीच असते."

त्यावर महालक्ष्मी जमिनीवरच बसली.

तीस मिनिटं भरायला एक मिनिट असताना उकड ताटात पडली. मऊ, चकचकीत, वरून तिळाचं तेल. मॅडमनी घास घेतला. "अरे, ही तर मोरकळी! तुमच्यात काय म्हणतात?"

"उकड," चौघंही एकदम म्हणाले.

मॅडमनी दुसऱ्यांदा घेतली, गुण लिहायला पेन उघडलं आणि दहापैकी नऊ लिहू लागल्या. तेव्हा महालक्ष्मीला स्वतःचा वर्ग आठवला. शेजारणीच्या कानात उत्तर सांगणाऱ्या मुलीचा पेपर ती जागच्या जागी काढून घ्यायची.

"मॅडम, थांबा," ती म्हणाली. "ती प्रार्थना नव्हती." आणि तिनं सगळं तमिळमधून सांगून टाकलं. ओळीन् ओळ.

मॅडम ताटाकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी हिंगाला हात जोडले?"

"मोहरीलाही," सांबशिव म्हणाले.

मॅडमच्या तोंडून आधी शिट्टीसारखा आवाज आला. मग चष्मा काढावा लागला. हसता हसता ठसका लागला, वेंकूबाईनं त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या, आणि थापट्या मारता मारता ती पुन्हा "हिंग विसरूं नको" म्हणाली, तेव्हा कुणाचंच काही खरं राहिलं नाही.

गुणपत्रिकेवर मॅडमनी 'बाद' लिहिलं, नियम तो नियम. पण त्याआधी कढई तळापर्यंत खरवडून झाली होती, आणि खरवडीसाठी सांबशिव आणि मुरलीकृष्ण यांच्यात थोडी झटापटही झाली.

पुढच्या बुधवारी महालक्ष्मी शाळेतून आली तर आतून मोहरी तडतडल्याचा आवाज येत होता. "ताक कोठें आहे?" मुरलीकृष्ण आतून ओरडला. ती दारातल्या पायरीवर बसली, चपला काढल्या, पाय लांब केले आणि मुळीच उत्तर दिलं नाही.