वरात गाठायची तर

अण्णांनी पाणबुडीच्या खेळातले सगळे शब्द मराठीत आणले होते. मालवाहू जहाजांचा ताफा म्हणजे वरात. ताफ्याला राखत भोवती फिरणाऱ्या युद्धनौका म्हणजे करवल्या. आणि पाण्याखालून सोडायचा टॉर्पेडो म्हणजे आहेर. संध्याकाळी आई चहा घेऊन गेली की पडद्यावरची नजर न काढता ते म्हणायचे, "ठेव तिथं. वरात येऊन राहिली. आहेर करतो अन् घेतो."

"लोकांचे नवरे म्हातारपणी देवळात जातात," आई म्हणायची. "आमचे समुद्रात जातात."

मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. घरी आले की त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसायचे. खेळात नेम धरून द्यायची सोय होती, ती अण्णांनी बंद करून ठेवली होती. जहाजाचा वेग, त्याचा कोन, अंतर, सगळं ते पेन्सिलीनं काढायचे, आणि बऱ्याचदा पेन्सिलीशिवायच. मी एकदा विचारलं की एवढी मोठी वरात पुढं चाललीय, तर आपण मागून का जात नाही. ते म्हणाले, "पाण्याखाली आपण हळू. मागं लागलो की संपलो. वरात वाकडीतिकडी चालते, आपल्याला चकवायला. पण तिचं बंदर बदलत नाही. ते ओळखायचं, आधी जाऊन बसायचं, अन् गप राहायचं."

गप राहणं त्यांना चांगलं जमायचं. अण्णा म्हणजे रेणुकादास उमरीकर सर, लातूरला फिजिक्स शिकवायचे आणि याच गप राहण्यासाठी ओळखले जायचे. प्रश्न फळ्यावर लिहायचा, खडू ठेवायचा आणि उभं राहायचं. वर्ग विचार करेपर्यंत सर बोलायचे नाहीत. कधी मिनिट, कधी पाच. नवीन मुलं आधी हसायची, मग अस्वस्थ व्हायची. शेवटी कुणाला तरी राहवायचं नाही, आणि बहुतेक वेळा त्याचंच उत्तर बरोबर असायचं.

अंबरीश हा त्यांचा विद्यार्थी. किल्लारीच्या भूकंपानंतर औशाकडच्या गावांतली मुलं लातुरात नातेवाइकांकडे येऊन राहिली होती, त्यांच्या शाळा बुडाल्या होत्या. गंजगोलाई या गोल बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एका आडत्याचं पत्र्याचं शेड रिकामं होतं. अण्णांनी आणि अंबरीशनं तिथं त्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. अंबरीश तेव्हा नुकता बीएस्सी झालेला, आमच्याच घरी जेवायचा. भाऊबीजेला मी त्याला ओवाळायचे. पुढं मेडिकलच्या प्रवेशांसाठी साऱ्या मराठवाड्यातून मुलं लातूरला यायला लागली, त्या शेडाचा क्लास झाला, क्लासची तीन मजली इमारत झाली, आणि अंबरीशदादाचे अंबरीश सर झाले.

इमारतीत त्यानं वर्गावर्गात कॅमेरे बसवले, पालकांना खाली बसून बघता यावं म्हणून. धर्माबाद-बिलोलीहून आलेले आईबाप पडद्यावर बघायचे की एक म्हातारे सर फळ्याजवळ नुसते उभे आहेत. अंबरीशला तोवर झटपट उत्तराच्या युक्त्या शिकवणारे सर हवे होते, आणि अण्णा तसं शिकवायला तयार नव्हते. त्यानं भांडण केलं नाही. पालकांना तो हळूच सांगायचा, "सरांना आताशा विसरायला होतंय. आम्ही सांभाळून घेतो." एवढंच. एका सत्रात अण्णांची बॅच रिकामी झाली. लातूरसारख्या गावात हे पसरायला वेळ लागत नाही. अण्णा लातूर सोडून नांदेडला आले. कॉम्प्युटर घेतला आणि समुद्रात उतरले.

मे महिन्यात ते गेले. हृदय बंद पडलं, डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं. आदल्या दिवशी त्यांनी आईला गॅसचा नंबर तोंडपाठ सांगितला होता.

दहाव्याच्या आतच लातूरच्या पेपरात क्लासची जाहिरात आली. अण्णांचा लहान फोटो, अंबरीशचा मोठा, आणि खाली मजकूर: 'अखेरच्या काळात स्मृतिभ्रंशाशी झुंज देणारे आमचे गुरुवर्य.' आईनं तो पेपर वाचला, घडी घातली आणि मला म्हणाली, "देवी, हे त्याच्या तोंडून खोडायला पाहिजे. जिथं बोलला तिथंच."

मी त्याला फोन केले. सर मीटिंगमध्ये आहेत. सर पुण्याला आहेत. सर बॅचवर आहेत. लातूरला जाऊन आले, तर बाहेरच्या खोलीतल्या तीन मुलींनी मला सरबत दिलं, अण्णांबद्दल हळहळ व्यक्त केली आणि आत सोडलं नाही.

त्या दिवसांत मी अण्णांचा अर्धवट राहिलेला खेळ पुढं खेळायला घेतला. वरातीतलं सगळ्यांत मोठं तेलाचं जहाज अंबरीश आहे असं ठरवून मी त्याच्या मागं सुटायचे. दर वेळी करवल्या मला गाठायच्या. वरून पाण्यात बॉम्ब पडायचे, दिवे जायचे, पाणी आत यायचं. मला ते बुडणं खरं तर आवडायला लागलं होतं, राग निघून जायचा. पण राग निघून जावा असं मला वाटत नव्हतं. मग मी मागं लागणं सोडलं. नकाशा मोठा केला, वरात कुठल्या बंदराला चाललीय ते बघितलं, वाटेत जाऊन इंजिन बंद केलं. तासभर काही झालं नाही. मग क्षितिजावर धूर दिसला. माझ्याकडून बघता वरातीची दिशा बदलत नव्हती, अंतर तेवढं कमी होत होतं. म्हणजे गाठ पडणार, अण्णा म्हणायचे. करवल्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. तेलाचं जहाज मधोमध फुटलं आणि बराच वेळ जळत राहिलं. मी ते शेवटपर्यंत बघितलं.

जूनमध्ये मेडिकलच्या सीईटीचा निकाल लागला, आणि निकालानंतर लातूरला वरात निघते. क्लासचे पहिले आलेले विद्यार्थी उघड्या जीपमध्ये, गळ्यात हार, पुढं बँड, गुलाल. गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात, मिरवणूक कुठूनही वळू शकते. पण अंबरीशच्या क्लासची एक रीत आहे. दर वर्षी सर त्या पत्र्याच्या शेडापाशी उतरतात, चप्पल काढतात, उंबऱ्याला हात लावतात आणि माईकवर सांगतात की आम्ही इथून निघालो. पालक डोळे पुसतात. ही रीत मोडणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं.

मी दुपारीच जाऊन शेडाच्या दारात उभी राहिले. हातात अण्णांचा फोटो, घरातला, हार घातलेला.

बँड आधी आला. मला बघून वाजवणारे बाजूला झाले, कुणी घरचंच असेल असं समजून. मग पहिली जीप. त्यात अंबरीश, गुलालानं माखलेला, आणि शेजारी वीरण्णा डॉक्टर, ज्यांची मुलगी मागच्या जीपमध्ये हार घालून उभी होती. मेंदूचे डॉक्टर म्हणून अर्धा जिल्हा त्यांच्याकडे जातो.

अंबरीश उतरला, चप्पल काढली आणि मग त्यानं मला पाहिलं. गुरूच्या फोटोपुढं वाकल्याशिवाय त्याला उंबऱ्यापर्यंत येता येत नव्हतं. तो वाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माईक धरणारी मुलगी जवळ आली.

"देविकाताई, तुम्ही आलात, सरांना बरं वाटलं असेल," तो म्हणाला.

"अंबरीशदादा, एकच विचारायचं होतं," मी म्हणाले. माईकमुळे माझा आवाज गल्लीभर गेला. "तुम्ही पेपरात अण्णांच्या आजाराबद्दल छापलंत. आम्हाला घरी काहीच माहीत नव्हतं. त्यांना कुठल्या डॉक्टरांनी तपासलं होतं, तेवढं नाव सांगा."

तो हसला. म्हणाला की ही काय बोलायची वेळ आहे का, नंतर ऑफिसात या. त्यानं अण्णांच्या थोरवीबद्दल दोन वाक्यं टाकली. मी फोटो धरून उभी राहिले. बँड थांबला होता. समोर सगळे डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांचे आईबाप. नावाची वाट बघत होते. मागून एक बाई कुणाला तरी म्हणाली, "सांगा की हो, त्यात काय एवढं." मी गपच.

त्याला राहवलं नाही.

"आपले वीरण्णा डॉक्टरच की," तो जीपकडं हात करून म्हणाला. "यांनाच दाखवलं होतं."

कदाचित त्याला वाटलं असेल की डॉक्टर मान हलवतील. वीरण्णा डॉक्टरांनी चष्मा काढला, गुलाल पुसला. मला वाटतं त्यांनी मुलीच्या जीपकडं एकदा पाहिलं.

"उमरीकर सर माझ्याकडं कधीच आले न्हाईत," ते म्हणाले. "माझं नाव यात घेऊ नका."

गल्लीत कुजबुज झाली, आणि ती थांबेना. फेटा बांधलेला एक माणूस पुढं आला. त्याच्या मुलानं अण्णांची बॅच सोडली होती, ते त्यानंच सांगितलं. "मंग आम्हाला खाली बसवून काय दावत होता, सर? ते नुस्ते उभे राहत होते ते?"

अंबरीशचा चेहरा मी नीट बघितला. मला त्याची कीव येईल असं आईला वाटलं होतं. आली नाही.

"सर ठीक होते," तो पुटपुटला.

"माईकवर," मी म्हणाले.

"उमरीकर सर शेवटपर्यंत ठीक होते."

"त्यांना विसरायला होत नव्हतं."

"होत नव्हतं."

"कोण सांगत होतं मग?"

त्यानं माईक खाली केला आणि हलक्या आवाजात विचारलं, "ताई, झालं का समाधान?"

"नाही," मी म्हणाले. "पेपरात द्या. त्याच पानावर, तेवढ्याच आकारात. आणि तुमचा फोटो नको."

त्यानं मान डोलावली. मला बाजूला व्हायची खूण केली, कारण शेडावरून पुढं जाऊन मुख्य रस्त्याला लागायचं होतं. मी गल्लीच्या मध्ये येऊन उभी राहिले आणि फोटो त्यांच्याकडं वळवून धरला. गुरूच्या फोटोला ओलांडून जीप घालायची कुणाची हिंमत झाली नाही. गल्ली अरुंद, वळायला जागा नव्हती. शेवटी एकेक ड्रायव्हर मागं बघत रिव्हर्स घेऊ लागला. हार घातलेली मुलं माझ्याकडं तोंड करून मागं गोलाईकडं सरकत गेली, आणि बँडवाल्यांना वाजवावं की नाही ते कळेना.