सतराव्या शतकातली खिडकी, १९७९

आमच्या घराच्या दर्शनी भिंतीतली ओकची खिडकी सतराव्या शतकातली आहे, असं सरकारी वारसा यादीत लिहिलं आहे. ती माझ्या वडिलांनी १९७९ च्या मे महिन्यात बसवली. मी तेव्हा सहा वर्षांची होते आणि सांध्यांच्या लाकडी खुंट्या एकेक करून त्यांच्या हातात देत होते.

यादी करणारे साहेब इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या आमच्या गावात आले ते १९८५ साली. त्यांनी एका दिवसात चौतीस घरं उरकली. आमच्या फाटकाच्या आत ते आलेच नाहीत. कुंपणावरून पाहिलं, वहीत लिहिलं आणि मोटारीत बसून पुढच्या गावाला गेले. बाबा तेव्हा दहा पावलांवर शेंगांच्या वेलांना काठ्या लावत होते. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की लाकूड एका पाडलेल्या कोठाराच्या तुळयांचं आहे, म्हणून जुनं दिसतं; खिडकी नवी आहे. विचारलं नाही.

यादीत घर आल्याचं पत्र वाचून बाबांना हसू आवरेना. "तीनशे वर्षं! हेस्टर, तुझा बाप बरा टिकलाय की." शेजारच्या डॉर्कस पुढे कितीतरी वर्षं त्यांना चिडवायच्या, "रूबेन, त्या काळी सुतारांना मधल्या वेळेला चहा मिळायचा का रे, की नुसतीच बिअर?"

गेल्या फेब्रुवारीत बाबांना पक्षाघात झाला. पाय गेले, बोलणं शाबूत राहिलं. पलंग खाली दर्शनी खोलीत आणला, आणि शहरातलं ग्रंथालयाचं काम सोडून मी घरी आले. घराचा बोळ अरुंद, मधेच दगडी वळण. चाकाची खुर्ची तिथे वळत नव्हती. बागेत जायचं तर दोघांनी उचलून न्यावं लागे. ते एकदाच झालं. "मला पोत्यासारखं नेऊ नका," बाबा म्हणाले आणि मग बागेचं नाव काढेनात. मेमध्ये त्यांनी डाव्या हाताने एक आकृती काढली: खिडकी काढायची, तिच्याखालची कमरेएवढी भिंत उतरवायची आणि तिथे दार करायचं. भिंतीचा तेवढा भागही त्यांनीच खिडकीबरोबर बांधलेला होता.

कौन्सिलचे वारसा अधिकारी फॅनशॉ पाहणीला आले. तरुण, नम्र, बूट दाराशी काढणारा माणूस.

"मिस्टर लस्कम, खिडकी सतराव्या शतकातली आहे. हिला धक्का लावता येणार नाही."

"अरे, ही मी केलीय."

"दुरुस्त केली असेल."

"केलीय म्हणतोय. खिडकीखालच्या बसायच्या फळीच्या मागच्या अंगाला माझं नाव आहे. ती उजवीकडची खुंटी ढकल, फळी सुटेल."

फॅनशॉंनी हात मागे घेतला. "फळी काढणं हासुद्धा फेरफार होतो. त्याचा वेगळा अर्ज करावा लागेल. आठ आठवडे धरा."

सूप घेऊन आलेल्या डॉर्कस दारातच थांबल्या होत्या. "म्हणजे स्वतःचं नाव वाचायला याने अर्ज करायचा? आणि शिंक आली तर, साहेब? ती दाबून धरायची का आठ आठवडे?"

फॅनशॉ बाबांकडे पाहून हसले. भ्रम झालेल्या म्हाताऱ्यांकडे पाहून हसतात तसं. त्या हसण्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

ते गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, मी आत्ता काढते फळी. फोटो काढून पाठवते."

"नाही. मालकाला विचारल्याशिवाय आयुष्यात कुणाच्या घरात खिळा ठोकला नाही मी. फॉर्म आण."

"पण हे घर तुमचंच आहे."

"कायदा तसं म्हणत नाही ना. आण फॉर्म."

पलंगावरून त्यांना फक्त आकाश दिसायचं आणि सफरचंदाच्या झाडाचा शेंडा. खिडकीची खालची कड त्यांनीच उंच ठेवली होती, मी लहानपणी बाहेर पडू नये म्हणून. शेंगांचे वेल तिच्या आड होते. रोज सकाळी विचारायचे, "कुठवर चढले?" गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत. लाल फुलं आली. काठीच्या टोकाला पोचले. सातव्या आठवड्यात, एका मंगळवारी, त्यांनी विचारलं नाही.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी परवानगीचं पत्र आलं. त्यांच्या नावावर. फळी अधिकाऱ्यासमोरच काढावी, अशी अट होती.

फॅनशॉ आले, बूट काढले, वाईट वाटलं म्हणाले. मी खुंटी ढकलली. फळी हातात यायला अर्धं मिनिटही लागलं नाही. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: "आर. लस्कम, मे १९७९. पाऊस थांबेना. खुंट्या देणारी हेस्टर, वय सहा. एकही पाडली नाही."

"हेस्टर म्हणजे तुम्ही?"

मी मान हलवली. त्यांनी फोटो घेतला आणि कागदावर लिहिलं: अलीकडची, विशेष महत्त्व नाही. मग हलकं वाटल्यासारखे म्हणाले, "चला, प्रश्नच मिटला. आता दाराला हरकत नाही."

"दार कुणासाठी?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मेमध्ये हिला बोट लावायला तुम्ही धजत नव्हता. लाकूड तेच, सांधे तेच. नवीन एवढंच कळलं, की ही कुणी केली. तेवढ्याने हिचं महत्त्व गेलं?"

त्यांनी आवाज खाली आणला. "मिस लस्कम, तुम्ही घर विकणार असं ऐकलं. मी हे पाहिलंच नाही असं धरू. यादीतली नोंद आहे तशी राहू दे, म्हणजे कुणी हिला हात लावणार नाही. नाहीतर नवा मालक प्लास्टिकची बसवेल."

ते मनापासून बोलत होते. म्हणूनच माझा संताप जास्त झाला. बाबांचं काम आणखी तीनशे वर्षं टिकलं असतं, दुसऱ्या कुणाचं म्हणून.

"नाही. लिहा. रूबेन लस्कम, सुतार, १९७९."

"यादीत सुतारांची नावं घालत नाहीत."

"मग हे पहिलं. लिहा. आणि 'विशेष महत्त्व नाही' ते खोडा."

"तो अधिकार माझा नाही. मी फक्त शिफारस करू शकतो."

"करा. माझ्यासमोर."

त्यांनी खोडलं आणि लिहिलं. मी अक्षर न् अक्षर वाचून घेतलं. दाराच्या अर्जावर बाबांच्या जागी सही केली ती मी, त्यांच्या मुलीने. नोंदीबद्दल अजून उत्तर आलेलं नाही. परवाही स्मरणपत्र पाठवलंय.

ऑगस्टमध्ये बाबांच्या हाताखाली शिकलेला एक सुतार आला. त्याने खुंट्या काढल्या, मी झेलल्या. खिडकी सोडवून माझ्या शहरातल्या घरी पाठवायला गोधड्यांत गुंडाळली. मग त्याने भिंत उतरवली.

दुपारी, पलंग होता त्या जागी मी उभी राहिले. वेल समोर दिसत होते, मुळापासून शेंड्यापर्यंत. शेंगा कुणी तोडल्या नव्हत्या, जून होऊन लोंबत होत्या. मी त्या मोकळ्या जागेतून वेलांपर्यंत चालत गेले आणि पावलं मोजली.

अकरा.