सुट्टीची पाळी

लंबूची किंकाळी फुटली तेव्हा चादरीचा दुसरा कोपरा वहिनींच्या हातात होता. लाँड्रीत ओली चादर दोघांनी दोन कोपऱ्यांना धरून तापलेल्या रुळाखाली सरकवायची, पलीकडे ती कोरडी, कडक होऊन निघते. चादरीला चुणी पडली, ती सरळ करायला लंबूने हात जरा पुढे नेला, आणि चादरीबरोबर रुळाने हातही आत ओढला.

"बंद करा! वहिनी, बंद करा!"

वहिनी भिंतीकडे धावल्या आणि मेन स्विच खाली ओढला. रूळ थांबला, दिवेही गेले. पण हात आतच. रूळ वर उचलायला बाजूची मूठ फिरवावी लागते आणि ती मूठ एरवी दोन गड्यांना दाद देत नाही. वहिनी आणि धुण्याच्या मशीनवरच्या दोघी जणी तिच्यावर अक्षरशः लोंबकळल्या. मूठ फिरली. कशी फिरली, ते पुढे तिघींपैकी एकीलाही सांगता आलं नाही. हात बाहेर आला. वहिनींनी तो एकदाच पाहिला आणि लंबूची नजर जायच्या आत त्यावर धुतलेली चादर टाकली.

"उचला त्याला. शटर उघडा."

शटर उघडणार कसं? त्याला बाहेरून कुलूप होतं.

त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी होती. रस्त्यावरची दुकानं बंद होती आणि बघणाऱ्याला लाँड्रीही बंदच दिसत होती. पण हॉटेलांत सुट्टीलाच पाहुण्यांची झुंबड, म्हणजे चादरींचे ढीग. सुट्टीच्या दिवशी माणसं बोलावली तर दुप्पट पगार द्यायचा, नाहीतर बदल्यात भरपगारी रजा, हा नियम मालकाला तोंडपाठ होता. म्हणून त्याने पळवाट काढली होती. शटर खाली आणि हजेरी नाही. हजेरी नाही म्हणजे कामावर कोणी नाही. सकाळी सुपरवायझर माणसांना आत घेऊन कुलूप लावी, काम संपल्यावर उघडी. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. नोकरी प्रत्येकालाच हवी होती.

आणि हा सुपरवायझर म्हणजे वहिनींचा सख्खा धाकटा दीर. वहिनींचा नवरा गेला तेव्हा दोन्ही पोरं शाळेत होती. चौकशीला सगळे आले, पण दिराने मालकाकडे शब्द टाकून त्यांना इथे चिकटवलं, पोरांची फी भरली आणि त्याबद्दल पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाही. तो वहिनी म्हणे, म्हणून सगळी लाँड्री त्यांना वहिनी म्हणे.

वहिनींनी त्यालाच फोन लावला. "भाऊजी, लंबूचा हात रुळात गेला. असाल तसे या."

पलीकडून दबका आवाज, "आरडाओरड करू नका. आलोच."

आत अंधार आणि वाफेचा उकाडा. दोघी जणी शटर बडवत होत्या, पण सुट्टीच्या रस्त्यावर ऐकायला होतं कोण? लंबू थरथरत होता. वहिनींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"बोटं कळतच नाहीत हो, वहिनी."

"माझ्याकडे बघ. घरी कोण आहे आत्ता?"

"पोरगी. सकाळी पाय धरून बसली होती. सगळ्यांचे बाबा घरी आहेत म्हणे, तुम्हीच का जाता."

वहिनींनी त्याच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला.

शटर कमरेइतकं वर गेलं आणि दीर वाकून आत आला. चेहरा पांढराफटक. लंबूला त्यानेच उचलून गाडीत घातलं, वहिनी शेजारी बसल्या. गाडी सुसाट निघाली, पण चालवता चालवता त्याचं तोंड सुरूच होतं.

"लंबू, नीट ऐक. डॉक्टर विचारतील. घरी झालं म्हणायचं. इस्त्री पडली हातावर. सगळा खर्च मालक करतील, मी जबाबदार. कामावर झालं म्हणालास तर लाँड्रीला टाळं लागेल आणि तुझ्यासकट सगळे रस्त्यावर. कळलं?"

लंबूने मान हलवली.

"वहिनी, तुम्हीपण."

वहिनी काचेबाहेर पाहत राहिल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहानच होत्या. त्यांनी चादर सोडवली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "कसं झालं हे?"

"घरी," लंबू पुटपुटला. "इस्त्री पडली."

"इस्त्रीने कातडी भाजते, हाडांचा चुरा होत नाही. हात कशाखाली होता? किती वेळ? खरं सांगा, त्यावर पुढचं सगळं ठरणार आहे. बोटं वाचवायची आहेत ना?"

लंबूने दिराकडे पाहिलं. दिराने वहिनींकडे. "वहिनी," तो अगदी हळू म्हणाला. धमकी नव्हती त्यात. विनवणी होती, आणि तेच जड जात होतं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याच पोटावर पाय द्यायचा?

"लाँड्रीत झालं," त्या म्हणाल्या. "चादरींच्या रुळाखाली. रूळ तापलेला होता. हात लगेच निघाला नाही, आणि आणायला उशीर झाला, कारण शटरला बाहेरून कुलूप होतं."

"आज? सुट्टीच्या दिवशी?"

"सगळ्या सुट्ट्यांना असंच असतं, बाई."

दीर वळला आणि बाहेर गेला.

लंबूची दोन बोटं गेली, बाकीचा हात वाचला. चौकशीला सरकारी माणसं आली. मालकाने हात वर केले, "मला यातलं काहीच माहीत नाही, सुपरवायझरचा कारभार." लंबूला भरपाई मिळाली, बाकीच्यांना मागच्या सुट्ट्यांचे पैसे. लाँड्रीला टाळं लागलं नाही. नोकरी गेली ती एकाचीच.

जावेचा फोन आला होता. "जाऊबाई, तुमच्यासाठी ह्यांनी मालकाचे पाय धरले होते. विसरलात?"

"नाही विसरले," एवढंच वहिनी म्हणाल्या. तोवर तिकडून फोन बंद झाला होता.

पुढची सुट्टी आली. लाँड्री खरोखर बंद होती आणि दिवस भरपगारी होता. सकाळची कामं आटपल्यावर घर वहिनींना खायला उठलं. शेवटी त्या उठल्या आणि दिराच्या घरचा जिना चढून गेल्या.

दार त्यानेच उघडलं. 'या' म्हणाला नाही. अंगात पहारेकऱ्याचा गणवेश होता, खांद्यांत चांगलाच सैल.

"आज कुठे निघालात, भाऊजी? सुट्टी आहे ना?"

"तुम्हाला."

वहिनी माफी मागायला आल्या नव्हत्या, आणि दुसरं काही सुचतही नव्हतं. "आजचे दुप्पट द्यावे लागतात," त्या म्हणाल्या. "मागून घ्या."

त्याने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. जरासा हसला, पण ते हसू ओठांच्या कडेलाच राहिलं.

"नवा माणूस आहे, वहिनी. मागितले तर उद्यापासून येऊ नको म्हणतील."

टोपी काखेत मारून तो त्यांच्या बाजूने खाली उतरला. वहिनी कठड्याशी उभ्या राहिल्या. खाली सगळा रस्ता रिकामा होता आणि उशीर झाल्यासारखा तो भरभर चालला होता.