दम लागतो, दम नाही

मी एक जीप बोलतेय. जुन्या बनावटीची, जाड पत्र्याची, चारही चाकांनी जोर लावणारी. सध्या चाकं काढून नेलीत, म्हणून जागच्या जागी बसून बोलतेय. आणि आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. गोडगोड ऐकायचं असेल तर पलीकडे एक शिवणयंत्र पडलंय, त्याच्याकडे जा.

कारखान्यातून निघाले ती धरणाच्या कामावर रुजू झाले. दगड वाहिले, चिखल तुडवला, साहेब लोकांच्या पाठी मोडल्या. मग लिलाव झाला आणि मला डॉक्टरबाईंनी घेतलं. बाई गुरांच्या डॉक्टर. डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे डोंगरावर वस्त्या आहेत, तिथल्या गाईम्हशींसाठी त्यांना माझ्यासारखी दांडगी गाडी हवी होती. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या बॉनेटवर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. मला ते फार आवडलं.

घोळ झाला तो त्यांच्या यजमानांच्या प्रेमामुळे. ते बँकेत होते. सुट्टीच्या दिवशी मला डिझेल भरून आणणं हे त्यांचं काम. एकदा पंपावर गप्पा मारता मारता माझ्या टाकीचं झाकण तिथेच विसरले. झाली चूक भरून काढायला नवं आणलं, चकचकीत, कुलपाचं.

"आता डिझेल चोरायची कुणाची छाती होणार नाही," असं म्हणून त्यांनी किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली. बाई कौतुकानं हसल्या. मीही मिरवले, खोटं कशाला बोलू?

पण माझ्या जुन्या झाकणाला एक बारीक भोक होतं, टाचणी जाईल एवढं. टाकीतलं डिझेल कमी होत जातं, तशी त्या भोकातून हवा आत येते. ती आली नाही तर आत पोकळी धरते आणि इंजिनाच्या पंपानं कितीही ओढलं तरी डिझेल पुढे सरकत नाही. नव्या झाकणाला भोकच नव्हतं. एकदा तुम्ही नाकतोंड दाबून डोंगर चढून बघा, मग माझ्याशी बोला.

सपाटीला निभायचं. चढ लागला की मी धापा टाकायचे, दोन आचके द्यायचे आणि बंद. थोडा वेळ उभी राहिले की कुठूनतरी हवा झिरपायची आणि पुन्हा चालायचे.

बाईंनी घरात बरोबर सांगितलं होतं. मी खिडकीखालीच उभी होते, माझ्या कानांनी ऐकलंय. "अहो, गाडीला दम लागतोय. चढावर धाप लागल्यासारखं करते आणि बंद पडते. मेकॅनिकला सांगाल का?"

यजमान मला घेऊन गॅरेजात गेले आणि म्हणाले, "गाडीत दम राहिला नाही हो."

झालं! "दम लागतो" निघालं घरातून आणि "दम नाही" पोचलं गॅरेजात. ज्याला दम लागतो त्याला श्वास हवा असतो. ज्याच्यात दम नाही त्याचं वय झालेलं असतं. या दोन दमांच्या मधे माझा जीव अडकला.

"साहेब, म्हातारी झाली ती," मेकॅनिक म्हणाला. "दम कुठनं येणार? पंप उतरवू."

पंप उतरवला. फिल्टर बदलला. नोझल साफ केले. डिझेलच्या नळ्या नव्या टाकल्या. दर वेळी सुरुवात एकच: "डिझेलमध्ये पाणीबिणी आहे का बघू." यजमान किल्लीनं झाकण उघडायचे, फुस्स करून हवा आत शिरायची, पण शेजारी पत्रे ठोकायचं काम चाललेलं, ऐकतंय कोण! मला मोकळं वाटायचं. मग तो काहीतरी बदलायचा, मला एक फेरी मारून आणायचा आणि मी शहाण्यासारखी पळायचे.

"बघा साहेब, मख्खन!"

पुढच्याच चढावर मी पुन्हा उभी. मग तो म्हणाला, लाइनीत एअर धरतेय, एअर काढू. काढली. अरे बाबांनो, मला हवा हवी होती आणि तुम्ही काढत बसलात!

रागवायचं तर बाईंवरही रागवायला हवं. गाय आजारी पडली की त्या मालकाला किती खोदून विचारायच्या. केव्हापासून? चालताना की बसल्यावर? कशानं बरं वाटतं? मला मात्र एक प्रश्न नाही. माझं दुखणं त्यांनी यजमानांवर सोपवलं होतं आणि यजमानांनी मेकॅनिकवर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत.

मग ती सकाळ आली. सगळ्यात वरच्या वस्तीवर एका विधवा बाईची एकुलती गाय अडली होती. वासराचा पाय आडवा आला होता. डॉक्टरबाईंनी मला दामटलं. मी निम्म्या चढावर बंद पडले. त्यांनी बॉनेट उघडलं, हातपंप मारला, स्टार्टर दिला. टाकीच्या झाकणाची किल्ली यजमानांकडे होती आणि जवळ असती तरी ते उघडायचं त्यांना सुचलं नसतं. शेवटी पिशवी खांद्याला लावून त्या पायी पळत सुटल्या.

परत आल्या तेव्हा कोपरापर्यंत रक्त वाळलेलं होतं. वासरू वाचलं होतं, गाय गेली होती. त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग म्हणाल्या, "पुरे झालं. तुझ्या भरवशावर मी आता कुणाच्या दारात जायची नाही."

माझं इंजिन त्या वेळी अगदी व्यवस्थित सुरू झालं. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

यजमानांनी त्यांना छोटी नवी गाडी घेऊन दिली. ती डांबर संपलं की थांबते. वरच्या वस्त्यांना डॉक्टर उरला नाही. आणि मला न्यायला भंगारवाला आला.

त्यानं आधी मला घराभोवतीच्या चढाच्या रस्त्यांवरून दोनचार फेऱ्या मारून बघितलं. मी फाटकाशी येऊन धापा टाकत बंद पडले. "डिझेल किती आहे बघू," म्हणत तो टाकीशी गेला. झाकणाला कुलूप, यजमान बँकेत. त्यानं पेचकस घातला आणि कुलूप मोडून काढलं.

फुस्स!

आज शेजारी ठोकाठोक नव्हती. बाई ओसरीवरच उभ्या होत्या. त्यांनी मान वळवली. भंगारवाल्यानं टाकीच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला, स्टार्टर मारला आणि आम्ही निघालो. मी आरशात बघत होते. बाई तशाच उभ्या, कपाळाला आठी. पोट फुगलेल्या गाईला सुई टोचल्यावर वारा सुटतो, तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. मग त्यांनी एकदम तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! श्वास कोंडला होता हिचा! अहो, थांबा! थांबवा गाडी!"

त्या चपला न घालता धावत सुटल्या. पुढे चढ होता, तोच, जिथे मी रोज त्यांना ताटकळत ठेवायचे. मी जीव तोडून प्रयत्न केला. बंद पड, म्हटलं, एकदा बंद पड, त्या येऊन पोचतील. पण फडक्यातून भरपूर हवा येत होती आणि डिझेल कसं धो धो वाहत होतं.

"गाडी तर एक नंबर आहे राव," भंगारवाला स्वतःशीच म्हणाला. त्याचा फोन खिशात वाजत होता. माझ्या आवाजात त्याला तो ऐकू आला नाही.

इथे, त्याच्या भंगाराच्या आवारात, पोचल्याबरोबर त्यानं गिऱ्हाइकांना बोलावलं. चाकं गेली, मग इंजिन गेलं. बाईंचा फोन त्यानं त्यानंतर घेतला. आता माझं इंजिन एका खाणीत पाणी उपसतं आणि म्हणे एकदाही बंद पडत नाही.

तुमच्या घरात कुणी म्हणालं, मला दम लागतो, तर तो निरोप दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नका. जवळ जा. केव्हा लागतो ते विचारा. मी चढावर हजारदा थांबले, पण ज्या दिवशी थांबायला हवं होतं, त्या दिवशी मला थांबता आलं नाही.