आक्काताईच्या दोन फायली

आष्ट्याच्या हायस्कुलात जयपाल अण्णांनी एकतीस वर्षं ग्रंथपालाची नोकरी केली. एवढ्या काळात त्यांचा आवाज समोरच्या खुर्चीपलीकडं कधी गेला नाही. निवृत्तीनंतर बायको, आक्काताई, आजारी पडली आणि अण्णा तिचे कागद लावू लागले. कातडीच्या डॉक्टरांचे हिरव्या फायलीत, किडनीच्या डॉक्टरांचे निळीत. विषयवार. एकीतला कागद दुसरीत गेला तर अण्णांना जेवण जात नसे.

"आवं, माज्यापरीस त्या फायलींचीच काळजी लय हाय तुमास्नी," आक्काताई म्हणायच्या.

"फायली निदान गप बसत्यात," अण्णा पुटपुटायचे.

त्या मंगळवारी दोघं सांगलीला किडनीच्या कीर्ती मॅडमकडं आली होती. आक्काताईंच्या पायांवर सूज होती, लघवीला फेस येत होता. मागच्या आठवड्यात किडनीचा बारीकसा तुकडा तपासायला काढला होता, त्याचा रिपोर्ट आज होता. तिथून कातडीच्या डॉक्टरांकडं जायचं म्हणून दोन्ही फायली पिशवीत होत्या.

नंबर लांब होता. बाकावर बसल्या बसल्या अण्णांनी सवयीनं फायली मांडीवर घेतल्या आणि हिरवीतल्या एका चिठ्ठीपाशी थबकले. 'बोटं गारठ्यानं पांढरी पडतात, कातडी आवळलेली.' निळीत तीच तारीख होती, पण तिथं लिहिलं होतं, 'पायांवर सूज.' एकाच दिवशी दोन्हीकडं गेलो होतो, हे त्यांना आता आठवलं.

आणखीही एक आठवलं. देवळात आक्काताई मुठीनं तांदळाचे पाच पुंज, इवल्या राशी, वाहायच्या, एकासारखा एक, टोकदार. दोन महिन्यांपासून ते पसरट होत होते. मूठच मिटत नव्हती. अण्णांनी ते पाहिलं होतं, पण कुठल्या फायलीत लावावं हे न कळल्यानं मनातच ठेवलं होतं. ग्रंथालयात एखादं पुस्तक दोन विषयांचं निघालं, तर अण्णा दोन्ही खणांत त्याचं कार्ड ठेवत. पुस्तकासाठी केलं, ते बायकोसाठी केलं नव्हतं.

तेवढ्यात नंबर पुकारला.

"काकू, याला ल्युपस म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "शरीराची राखण करणारी ताकदच शरीरावर उलटते. तुमच्या किडनीवर उलटली आहे. औषध आहे, घाबरू नका. उद्यापासून स्टिरॉइडचा मोठा डोस सुरू करू. दुसरा काही त्रास?"

"न्हाई," आक्काताई म्हणाल्या. एसीच्या गारव्यानं त्यांचे हात शालीखाली होते.

अण्णांनी हिरवी फाईल उघडली आणि पुन्हा मिटली. डॉक्टरांना आपण काय शिकवणार? हसतील. मॅडमनी पेन कागदाला टेकवलं. अण्णांनी शाल बाजूला सारली, बायकोचे हात धरले आणि टेबलावर ठेवले.

"हिची मूठ मिटत न्हाई," ते म्हणाले. "पुंज पसरट व्हत्यात."

मग हिरवी फाईल पुढं सरकवली आणि घामाघूम होऊन खाली बघत बसले.

मॅडमनी बोटांवरची कातडी चिमटीत धरून पाहिली. ती उचलली जाईना. त्यांनी फाईल पहिल्यापासून वाचली.

"काकू, हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी किडनीच्या. हातांचं तुमास्नी कशाला सांगायचं?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "काका, आजार दोन दिसतायत, एकमेकांत गुंतलेले. कातडी घट्ट करणारा जो आहे, त्यात स्टिरॉइडचा मोठा डोस किडनीचा घातही करू शकतो. डोस कमी ठेवू, जोडीला दुसरं औषध देऊ. रक्ताच्या तपासण्या करू, आणि कातडीच्या डॉक्टरांशी मी आत्ताच बोलते. घरी रोज रक्तदाब मोजायचा. वाढला की लगेच फोन करा."

बाहेर आल्यावर अण्णांनी हिरवी फाईल निळीत घातली. "माजंच चुकलं. मी सगळं येगळं लावलं."

"ते ऱ्हाऊ द्या. जल्मात पयल्यांदा बोललासा, ते बी दुसऱ्या बाईसमोर माजे हात धरून!"

अण्णा कानापर्यंत लाल झाले.

चार महिन्यांनी सूज उतरली, लघवीतला फेसही कमी झाला. आता फाईल एकच आहे, जाडजूड, तारखेवार लावलेली. मूठ मात्र अजून पुरती मिटत नाही. देवळात अण्णा तिच्या मुठीभोवती आपली मूठ धरतात. पाच पुंज होतात, थोडे वाकडे.

"जरा दाबा की," आक्काताई कुजबुजतात.

"हात हाय तुजा, फाईल न्हवं," अण्णा म्हणतात, आणि हळूच दाबतात.