ज्याचं त्याने उचलायचं गाढव

मी गाढव बोलतोय. हसायचं असेल तर हसून घ्या, मला सवय आहे. जुन्या पँटच्या जाड निळ्या कापडाचा मी, डोळ्यांच्या जागी दोन न जुळणारी बटणं. मालकांच्या आईने मला नातवासाठी शिवलं होतं. पण मला पाहिलं की नातू भोकाड पसरायचा, म्हणून माझी रवानगी मालकांच्या ऑफिसात झाली.

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. तिथे दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. पेशंटना तपासणीची, गोळ्यांची आठवण करून देणारे मेसेज तिथूनच सुटायचे. एकदा खुद्द मालकांच्या हातून एका दवाखान्याची सगळी माहिती पुसली गेली. मालकांनी फळीवरून मला उचललं, स्वतःच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आजचं गाढव मी. आता या इकडे आणि मला बाहेर काढा."

तेव्हापासून रीतच पडली. चूक झाली की ज्याची त्याने मला उचलून न्यायचं. दुसऱ्याच्या टेबलावर मला ठेवायची कुणालाच मुभा नव्हती. आणि मी कुठे दिसलो, की बाकीच्यांनी काही न विचारता आपापली खुर्ची ओढत तिथे यायचं. खुर्च्यांच्या चाकांचा तो खडखडाट मला फार आवडे. माणसं माझ्याकडे येतायत असंच वाटायचं.

माझा मुक्काम जास्त करून काकांकडे. काका सर्व्हर सांभाळायचे, वयाने सगळ्यांत मोठे. एवढीशी चूकसुद्धा लपवत नसत. "या गाढवाला माझ्याशिवाय करमतच नाही," म्हणायचे.

मग ती नोकरीला आली. नुकतंच लग्न झालेलं, बोलणं अगदी मोजकं. काकांनी पहिल्याच दिवशी तिला 'सूनबाई' करून टाकलं. थोड्याच दिवसांत सूनबाईंनी बाळाच्या लशीचा मेसेज झाडून सगळ्या पेशंटना पाठवून दिला. फोन खणखणू लागले.

"एक आजोबा विचारतायत, कुठलं बाळ?"

"आजी शेजारीच असतील. जरा जपून उत्तर द्या!" काका ओरडले.

ती माझ्यासमोर उभी राहिली. डोळे भरलेले. मला छातीशी धरून टेबलापर्यंत नेलं, तोवर खुर्च्या निघाल्याही होत्या. जेवायच्या सुट्टीआधी सगळ्यांना माफीचे मेसेज गेले, आणि ती त्या खोलीत पहिल्यांदा खळखळून हसली.

त्यानंतर तिला कंठ फुटला. "दादा, हे चुकतंय तुमचं," असं ती मालकांना तोंडावर सांगू लागली. प्रत्येक मेसेज आधी ऑफिसातल्या दोघांना पाठवून बघायचा, ही युक्ती तिचीच. मालकांनी ती त्याच दिवशी लागू केली. तेव्हा तिचा चेहरा पाहायला हवा होता!

पुढे मालक थकले. त्यांनी कंपनी एका मोठ्या कंपनीला दिली आणि नवे साहेब आले. बोलायला गोड. मला पाहून त्यांनी विचारलं, "हे काय?" सगळ्यांनी मोठ्या हौसेने रीत सांगितली.

"अरे वा! मग हे सर्वांत जास्त कुणाकडे असतं?"

सगळ्यांनी हसत हसत काकांकडे बोट दाखवलं. काकांनी तर उठून मुजरा केला.

महिन्याभरात काकांची खुर्ची रिकामी झाली.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. चुका थांबल्या नव्हत्या, फक्त मुक्या झाल्या होत्या.

एका दुपारी ती काम करता करता एकदम ताठ झाली. तिने केलेल्या एका बदलामुळे काही म्हाताऱ्या पेशंटना गोळ्यांचे मेसेज जायचेच बंद झाले होते. न गेलेला मेसेज कुणाला दिसणार? फोन कानाला लावून ती माझ्या फळीपाशी आली. पलीकडून नवऱ्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अगं, दुरुस्त कर आणि गप्प बस. कुणाला कळणारे?"

"दुरुस्त करीनच रे. पण गोळ्या चुकल्या असतील त्यांचं काय? दवाखान्यांना कळवायला नको?"

"नोकरी जाईल तुझी."

"हं," ती म्हणाली, आणि तिने मला उचललं.

मला टेबलावर ठेवून ती थांबली. माना वर झाल्या, पुन्हा खाली गेल्या. एक खुर्ची जराशी सरकली आणि तिथेच अडली. मग तिने एकटीने प्रोग्रॅम नीट केला, एकटीने दवाखान्यांना फोन लावले. "चूक माझी आहे," दर वेळी तेच वाक्य. शेवटी साहेब आले. "आत या जरा," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी तिने डबा, पाण्याची बाटली पिशवीत भरली. माझा दुमडलेला कान सरळ केला आणि गेली.

मी अजून त्याच टेबलावर आहे. झाडणारी बाई मला वगळून फडकं फिरवते. मी साहेबांच्या डोळ्यांत खुपतो. "ते हलवा रे इथून," असं त्यांनी सांगूनही पाहिलं. पण हलवणार कोण? मला उचलेल तो चुकलेला, हे साऱ्या खोलीला ठाऊक आहे. परवा साहेब स्वतःच आले. हात पुढे केला. सगळे बघत होते. त्यांनी हात मागे घेतला आणि उगीच घड्याळात पाहिलं.

उचला हो कुणीतरी. मी काही जड नाही.