धक्क्यावरचा खांब

"आई, पाणी भरतंय! भोक बुजव, आई!"

हेडफोनमध्ये मुलाचा आवाज तुटत तुटत येत होता आणि मी माऊस टेबलावर आपटत होते. पडद्यावर माझा हातोडा हवेतच अडकलेला. चार सेकंद गेले, आठ गेले. पडदा हलला तेव्हा होडी समुद्राच्या तळाशी होती आणि आम्ही पाचही जण बुडून मेलो होतो.

"काकू," आमची कप्तान म्हणाली. ही मुलाच्या ओळखीतली मुलगी, आवाजावरून पंचविशीची, बोलायला अगदी सभ्य. "दोन महिने तुमचं अडकतंय, आणि बुडण्याचा हा सलग तिसरा रविवार. पुढच्या वेळीही असंच झालं तर डागडुजीला दुसरं कोणीतरी बघावं लागेल. राग मानू नका हं."

राग मानू नका म्हणे! मी चांगला आठवडाभर मानला.

पन्नाशी उलटलेली बाई ऑनलाइन खेळावरून एवढी का पेटते, असं कोणालाही वाटेल. माझा मुलगा दीड वर्षापूर्वी घर सोडून गेला. बसचालक नवऱ्याने स्वतःच्या डेपोत साहेबांच्या हातापाया पडून त्याला कायमची नोकरी लावून दिली होती, ती त्याने तिसऱ्या महिन्यात सोडली. नवरा म्हणाला, "आजपासून माझ्याशी बोलायचं नाही." आणि मुलाने आयुष्यात पहिल्यांदा बापाचं ऐकलं.

माझ्याशी तो फोनवर बोलतो, म्हणजे 'हो', 'बरा आहे' आणि 'ठेवू?' एवढंच. पण होडीत बसला, हात दोरखंडात गुंतले, की त्याची जीभ सुटते. त्याची दाढ दुखते हे मला भर समुद्रात कळलं. नवीन कामावर त्याला घुसमटायला होतं, तेही तिथेच. रविवारी चार ते पाच हाच माझा मुलगा. तेवढाही कोणी काढून घेणार असेल, तर मी गप्प बसणार नव्हते.

घरचा कॉम्प्युटर म्हणजे जुनंच मशीन. जाण्याआधी मुलानेच त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं होतं. दोन लॉगिन केली होती, एक आईचं, एक बाबांचं. बाबांचा पासवर्ड त्यांच्या बसचा नंबर. "बाबांना लागलंच तर," एवढंच म्हणाला होता. बाबा तेव्हा बाहेर कुंड्यांना पाणी घालत होते. मुलाचा विषय निघाला की माझा नवरा कुंड्यांना पाणी घालतो. दीड वर्षात दोन रोपं मुळापासून कुजली आहेत.

मी कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त करते. धागा तुटायला लागला की पोरी सुई, बॉबिन, ताण, सगळं एकदम बदलतात. यंत्र चालतं, पण काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि चार दिवसांनी पुन्हा बोंब. माझी रीत वेगळी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि खडूने टेबलावर लिहून ठेवायची. घरचं टेबलही त्या आठवड्यात खडूने भरलं. सोमवारी इंटरनेटची वायर बदलली. फरक नाही. मंगळवारी चित्राचा दर्जा इतका खाली आणला की समुद्र डबक्यासारखा दिसू लागला. फरक नाही.

बुधवारी लिनक्सवर खेळणाऱ्यांच्या फोरमवर विचारलं. एकाने सांगितलं, नवीन मशीन घ्या. दुसऱ्याने विचारलं, लिनक्सवर खेळताच कशाला? तिसऱ्याने एक लांबलचक पान पाठवलं आणि वर 'आधी हे वाचायचं असतं' असं सुनावलं. असली माणसं माझ्या हाताखाली असती तर मी त्यांना नुसतं तेल पुसायला ठेवलं असतं. चौथ्याने मात्र प्रश्न केला, "अडकतं तेव्हा कॉम्प्युटरच्या डब्यावरचा दिवा लुकलुकतो की सारखा पेटलेला राहतो?"

हा माणूस कामाचा. मी लिहिलं, सारखा पेटलेला.

"मग मेमरी भरतेय," त्याने लिहिलं. "टेबलावर जागा उरली नाही की मशीन सामान गोदामात नेऊन ठेवतं. लागेल तेव्हा तिथून उचलून आणतं, तेवढा वेळ तुम्ही अडकता. नेमकं अडकत असताना बघा, टेबलावर काय पडलंय ते." आणि टाइप करायला एक शब्द दिला. त्याने चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी येते, कोण किती मेमरी खातंय आणि कोणाच्या लॉगिनमधून, सगळं.

शनिवारी कामावरून येऊन मी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. झकास चाललं. रविवारी धुणं आटपून साडेतीनला बसले, तर पुन्हा तेच, सगळं चिकट. दिवा पेटलेला. मी दातओठ खात तो शब्द टाइप केला.

यादीत दुसऱ्या ओळीवर माझा खेळ होता. पहिल्या ओळीवरही तोच खेळ होता, माझ्यापेक्षा जास्त मेमरी खाणारा. त्याच्यापुढे लॉगिन होतं, बाबा.

मी तीनदा वाचलं. मग लॉगिनच्या पानावर गेले. 'बाबा' या नावापुढे एक बारीक खूण होती. गेले दोन महिने मी ती बघत होते आणि नक्षी समजत होते. खूण म्हणजे ते लॉगिन मागे चालूच होतं. बसचा नंबर टाकला. पडदा उघडला.

समोर धक्का, समुद्र, आमची होडी. आणि पाठमोरा एक माणूस, डोक्यावर निळी टोपी.

त्या टोपीला मी ओळखत होते. दोन महिन्यांपासून हा माणूस धक्क्यावर नुसता उभा असायचा. बोलायचा नाही, कोणाच्या होडीत यायचा नाही. त्या खेळात उभं राहणाऱ्याला कोणी हाकलतही नाही. मुलाने त्याला 'खांब' नाव ठेवलं होतं. "सकाळी कामावर जायच्या आधी मी येतो ना, तेव्हा तो मला हात करतो," मुलगा सांगायचा. "रविवारी मात्र ढिम्म असतो." टोपीही त्यानेच दिली होती. "बिचारा एकटा असतो, आई." त्यावर मी म्हणाले होते, "इथे आपण बुडतोय आणि तुला खांबाची पडलीय."

दोन महिने. नवऱ्याला निवृत्त होऊन अडीच झाले होते.

"अहो!" मी अशी ओरडले की तो ओल्या हातांनी धावत आला. पडदा बघितला आणि दारातच थबकला.

"हे तुम्ही?"

त्याने मान डोलावली.

"मी कामावर गेले की इथे येऊन बसता? आज मी धुणं धूत होते तेव्हासुद्धा? आणि नंतर बंद का करत नाही?"

"जुनं मशीन आहे," तो म्हणाला. "एकदा बंद केलं आणि पुन्हा चालूच झालं नाही तर?"

तीस वर्षं हेच ऐकलं मी. डेपोत बस तासभर उभी असली तरी हा माणूस इंजिन चालू ठेवायचा. बॅटरीचा भरवसा नाही म्हणे.

"बस आहे का ही? तुमच्या या खांबापायी मी तीन वेळा बुडाले! आज मला काढून टाकणार होते. माझं एवढंच उरलंय, तेही तुम्ही अडवून बसलात!"

"मला माहीत नव्हतं गं, त्याने तुझं अडतं ते."

"आणि तिथे खाली लिहायला चौकट आहे. एक शब्द लिहायचा होता! दीड वर्ष मी दोन्हीकडचे निरोप वाहते. हा विचारतो बाबा कसे आहेत, तुम्ही विचारत नाही पण फोन झाला की माझ्या तोंडाकडे बघत बसता. मी काय पोस्टमन आहे?"

"काय लिहू?" तो म्हणाला. "बोलू नको असं मीच म्हणालो होतो."

"मग म्हणणं मागे घ्या!"

"तो हात करतो," तो हळूच म्हणाला. "मीही करतो."

मला त्याचं डोकं फोडावंसं वाटलं. चारला दहा कमी होती. खेळाने विचारलं, खरंच बाहेर पडायचं? मी 'हो' दाबलं. धक्क्यासकट निळी टोपी गेली. नवऱ्याने त्या रिकाम्या पडद्याकडे बघितलं आणि तो पुन्हा कुंड्यांकडे गेला. मी लॉगिन बदललं.

चार वाजता माझं मशीन लोण्यासारखं चालत होतं.

"आई, आज एकदम भारी!" मुलगा म्हणाला. "काय केलंस?"

"एक जास्तीचं चालू होतं. बंद केलं."

"वा काकू! चला, नांगर उचला," कप्तान म्हणाली.

"थांब जरा," मुलगा म्हणाला. "खांब कुठे गेला?"

"कंटाळून गेला असेल."

"तो नाही जात कुठे. थांबूया ना पाच मिनिटं. येईल तो."

मी हेडफोनची पिन उपसून काढली. मुलाचा आवाज स्पीकरमधून सगळ्या खोलीत आला. "आजारी तर नसेल?" तो कप्तानला विचारत होता. "म्हातारा असणार गं तो. हातही फार हळू करतो."

नवरा पुन्हा ओल्या हातांनी दारात आला होता. त्याने उजवा हात वर केला. खांब करायचा तसाच.

"त्याला दिसत नाही ते," मी म्हणाले. "बोलावं लागतं."

माईक हेडफोनपासून वेगळा, टेबलावर चालूच होता.

"आई? कोणाशी बोलतेस? कोण आहे तिथे?"

दीड वर्ष मीच दिली होती उत्तरं. मी खुर्चीतून उठले आणि माईक टेबलाच्या दुसऱ्या कडेला, दाराकडे सरकवला.

"आई?"

नवऱ्याचा हात अजून वरच होता आणि कोपरावरून पाणी ठिबकत होतं. होडी धक्क्याला लागून थांबली होती.